ईशानी हसते, सबब नामंजूर

माणूस जिवंत जन्माला आला की कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होतो आणि मेला की व्यक्ती राहत नाही. अमिरातीच्या दिवाणी संहितेतलं हे तत्त्व इतकं निर्दोष आहे की वाचून मन भरून येतं. मधल्या काळात त्याला फक्त फोटो लागतो, एवढीच किरकोळ बाब संहितेने इतरांवर सोपवली आहे.

आमची ईशानी शारजात जन्मली, आणि जिवंत जन्मली. (शेजारच्या इमारतीनेही हे ऐकलं आहे.) व्यक्तीला नाव लागतं, ते मिळालं. निवासस्थान लागतं, तेही आहे: माझा डावा खांदा. व्यक्ती नेहमी जिथे राहते ते तिचं निवासस्थान, ही व्याख्या ती इतकी काटेकोर पाळते, की पाळण्यात ठेवलं तर घरातून हुसकावल्यासारखी दाद मागते. राहता राहिला पासपोर्ट.

पासपोर्टची एरवी घाई नव्हती. पण मिरजेला माझे वडील, नाना, वाट बघत होते. त्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते, तारीख ठरली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑपरेशननंतर मांडी घालायची नाही, जन्मात नाही. नाना म्हणाले, "मग आधी मांडी नातीला देतो, नंतर गुडघे तुम्हाला." रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर एकच चौकशी:

"काय गं साधना, झाली का माझी नात माणूस?"

"इन्शाल्ला नाना, या आठवड्यात."

(नाना आयुष्यभर मिरजेत राहिलेत, पण इन्शाल्लाचा खरा अर्थ त्यांना आता आमच्याइतकाच कळतो.)

इथे एक कायदेशीर गंमत नोंदवते. ईशानी पोटात असताना माझ्याबरोबर मिरजेला जाऊन आली होती. तिकीट नाही, फोटो नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. उलट लोकांनी उठून जागा दिली. म्हणजे व्यक्ती नसताना ती हवी तिथे जात होती. व्यक्ती झाली आणि अडकली. प्रगतीचा हा नियम सर्वांनाच लागू असल्याने त्याबद्दल तक्रार नाही.

फोटोचे नियम साधे आहेत. पांढरी पार्श्वभूमी. डोळे उघडे. तोंड मिटलेलं. चेहरा समोर. भाव तटस्थ. ईशानीला यातली पांढरी पार्श्वभूमी जमली.

शारजाच्या रोला भागातल्या फोटो स्टुडिओचे मालक खैरुद्दीनभाई मूळचे रत्नागिरीचे, धीराचे गृहस्थ. पहिल्या फोटोत ईशानी हसली. दुसऱ्यात मागून धरलेला माझा हात दिसला (एका फोटोत दीड व्यक्ती, नामंजूर). तिसऱ्यात जीभ. चौथ्यात ती झोपली होती, आणि मिटलेले डोळे हे व्यक्तित्व संपल्याचं लक्षण असल्याने तोही गेला. पाचव्यात पुन्हा हसली. पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या काउंटरवरच्या बाई प्रत्येक वेळी फोटो लांब धरून हळहळायच्या. "मॅडम, सो क्यूट. नॉट अ‍ॅक्सेप्टेड."

आमच्या घरगुती सर्वेक्षणानुसार ईशानी जागेपणी चाळीस टक्के वेळ हसते, चाळीस टक्के रडते आणि उरलेला वेळ या दोहोंपैकी काय करावं याचा विचार करते. हा विचार जांभईत संपतो. तटस्थतेसाठी तरतूदच नाही.

ऑपरेशनची तारीख जवळ आली तसे आम्ही सगळे स्टुडिओत गेलो: मी, नवरा शार्दूल, ईशानी आणि सहा वर्षांची थोरली अवनी. ईशानीने शार्दूलकडे बघितलं आणि खिदळायला लागली.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा," खैरुद्दीनभाई म्हणाले. "तुम्हाला बघितलं की बच्ची हसते."

"माझ्या चेहऱ्यात हसण्यासारखं काय आहे?"

"ते वहिनींना माहीत."

शार्दूल काचेबाहेर गेला. ईशानीला तो काचेतून जास्तच विनोदी वाटला.

मी पर्समधून दिवाणी संहितेचं भाषांतर काढलं. मी पुण्याची कायद्याची पदवीधर आहे. (माझ्या व्हिसावर 'गृहिणी' आहे, तेही खरंच आहे.) काउंटरवर भांडायला एखादं कलम सापडतंय का ते बघावं, म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. व्यक्तित्व. नाव. निवासस्थान. बेपत्ता व्यक्ती आणि तिचं मृत समजलं जाणं. दुसऱ्या परिच्छेदाला ईशानीचं हसू उतरलं. तिसऱ्याला ओठ मिटले. डोळे उघडे, नजर समोर, आणि त्या नजरेमागे कोणीही नाही अशी शांतता.

"वहिनी, थांबू नका!" खैरुद्दीनभाई कुजबुजले. "वाचा, वाचा! परंतुक आहे का? परंतुक वाचा! यल्ला, लवकर!"

मी परंतुक वाचलं. क्लिक.

"खलास! हबीबी, काय चेहरा दिलाय!"

अवनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत म्हणाली, "आई, शी लुक्स लाइक बाबा इन अ मीटिंग."

शार्दूल हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत कंप्लायन्सला, म्हणजे सगळे नियम पाळतात का हे बघायला, आहे. तो दारातून आत येत होता. तो हसला नाही. त्याचा चेहरा त्या क्षणी कुठल्याही काउंटरवर चालला असता.

फोटो पहिल्या फटक्यात मंजूर झाला. काउंटरच्या बाई या वेळी "क्यूट" म्हणाल्या नाहीत, तेव्हाच मी समजले. पासपोर्ट आला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मिरजेच्या ओसरीत नानांनी कण्हत कण्हत शेवटची मांडी घातली आणि ईशानीने ती ताबडतोब निवासस्थान म्हणून घोषित केली. माझा खांदा रिकामा झाला. (बरं वाटलं. अजिबात बरं वाटलं नाही.) ती नानांचा चष्मा ओढून तोंडभर, बोळकंभर हसत होती. नानांनी कसाबसा चष्मा सोडवून पासपोर्ट उघडला. एकदा फोटो बघितला, एकदा नात.

"ही कोण बाई?" ते म्हणाले. "मला मांडीवरची ठेव. ती दुसरी परत पाठव."

आम्ही दोघींना घेऊन परतलो. कायद्याला एक लागते, घराला दुसरी.

संहितेबद्दलचा माझा आदर मात्र वाढलाच आहे. कारण ईशानीला पाच वेळा परत पाठवणारी ही व्यवस्था तुम्हाआम्हाला पहिल्याच फोटोत पास करते, आणि आपल्याला कुणाला एक कलमही वाचून दाखवावं लागलेलं नाही. खोटं वाटत असेल तर आत्ता, हे वाचता वाचता, जवळच्या आरशात बघा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, भाव काहीच नाही?

हलू नका. मंजूर आहात.