कामावर गेलेलं चित्र

आमच्या शेजारच्या रेहानाभाभी चित्रांचं प्रदर्शन बघून आल्या, की त्यांच्या स्वयंपाकघरातली एक वस्तू कायमची कामातून जाते.

पहिला बळी पोळपाटाचा. मुंबईला लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांचं प्रदर्शन होतं. भाभी सकाळी कशेळ्याहून जीपने निघाल्या, संध्याकाळी परतल्या आणि चहासुद्धा न घेता पोळपाट मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर जीपच्या टपावर बसलेला कावळा कोरलेला होता. कागदावर तो छान उठला. पण घरात दुसरा पोळपाट नव्हता, त्यामुळे पुढे बरेच दिवस त्यांचे यजमान युनूसभाई कावळ्याच्या चपात्या खात होते. चपाती फुगली की कावळाही फुगायचा. युनूसभाईंचं बाजारपेठेत ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. माणूस अबोल. डबा उघडायचे, कावळ्याकडे एकदा बघायचे आणि चोचीकडून खायला सुरुवात करायचे.

मी भाभींना म्हटलं, की अहो, चांगला पोळपाट बिघडवलात. त्या म्हणाल्या, "बिघडला नाय बाई, वळला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूध नासलं तर वळलं, जीप चुकली तर दिवस वळला. आणि हे त्या मनाची समजूत घालायला म्हणत नाहीत, बातमी सांगावी तसं सांगतात.

भाभींचं वय सेहेचाळीस. कर्जतजवळच्या एका चित्रकला महाविद्यालयात त्या विद्यार्थिनी आहेत. प्रवेशाचा अर्ज खरं तर त्यांच्या मुलीसाठी, सुमय्यासाठी आणलेला. तिचं मधेच लग्न ठरलं आणि ती नवऱ्याबरोबर कतारला गेली. अर्ज टीव्हीवर पडून होता. भाभींनी शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. एक दिवस त्यांनी अर्ज उचलला, स्वतःचं नाव घातलं आणि युनूसभाईंपुढे सहीला ठेवला. युनूसभाईंना वाटलं गॅसचा कागद आहे. त्यांनी सही केली.

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तर सगळी पोरं उठून उभी राहिली. भाभींनी त्यांना बसायला सांगितलं. मग पोरांनी वह्याही काढल्या. वर्गाचे खरे शिक्षक आले तेव्हा भाभी खिडकीपाशी उभ्या राहून सर्वांची नावं विचारत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "मला वाटलं, इथं अशीच रीत असंल."

प्रदर्शनांचा नाद त्यांना कॉलेजातच लागला. सरांनी वर्गाला सांगितलं, की नुसती चित्रं काढू नका, बघा. बाकीची पोरं फोनवर बघायला लागली. भाभींनी मात्र ते अक्षरशः घेतलं. पेण असो, पनवेल असो की मुंबई, कुठे भिंतीवर काही टांगल्याचं कानावर आलं की यांचा डबा भरलेला. परत आल्या की ओट्यावर बसून लग्नाहून आल्यासारखं सगळं सांगायच्या. मांडणी कशी होती, कोण कोण आलं होतं, कुठे काय कमी पडलं. एकदा म्हणाल्या, की चित्रकार मोठा होता पण वाढपी वाईट. पिवळा सगळ्यांना भरपूर वाढला आणि लाल शेवटच्या पंगतीपर्यंत पुरला नाही. त्यानंतर मी एका कॅलेंडरकडे बघत असताना माझ्याही मनात आलं, की निळा जरा जास्तच वाढलाय.

झाडाफुलांच्या रंगांनी रंगवलेलं कापड बघून आल्या तेव्हा प्रेशर कुकर गेला. कांद्याची सालं, गंजके खिळे आणि कुठल्याशा झाडाची साल त्यांनी एकत्र शिजवली. त्या वासाने समोरच्या मेडिकलवाल्याने दोन दिवस अर्धं शटर ओढून धंदा केला. युनूसभाईंचा जुम्म्याच्या नमाजाचा पांढरा झब्बा सरबताच्या रंगाचा होऊन बाहेर आला. तोच घालून ते गेले. परत आले तेव्हा मशिदीत दोघांनी विचारलं होतं म्हणे, कापड कुठून घेतलंत.

मग मातीकाम. मागच्या अंगणात भाताच्या तुसाची भट्टी. आत बारा-पंधरा मडकी होती, त्यातली बहुतेक फुटली. आवाज ऐकून मी धावत गेले, तर भाभी एकेक खापर उचलून उन्हात धरत होत्या आणि चेहरा असा, की जसं काही हेच करायचं होतं. पुढे त्या खापरांची त्यांनी एक लांबच लांब माळ केली. ती वाऱ्यावर वाजायची. वर्षअखेरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती बघितली आणि म्हणाले, छान आहे, पण हे महिला मंडळाच्या प्रदर्शनात शोभेल. भाभींनी त्यांना शांतपणे सांगितलं, की महिला मंडळात परीक्षा नसते सर, असती तर तिकडंच गेले असते. पास झाल्या.

यंदा त्यांचं शेवटचं वर्ष. वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत त्यांनी एक दालन बघितलं. आत चित्रं नव्हतीच. छतापासून जमिनीपर्यंत कापडं सोडलेली, आणि माणसांनी त्यांच्यामधून चालायचं. त्या दिवशी ओट्यावर येऊन बसल्या आणि ओढणी हवेत धरून तिच्यातून रस्त्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, आता स्वयंपाकघरातलं काय जाणार. त्यांनी मान हलवली. "स्वयंपाकघर संपलं बाई. आता दुकान."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या ताडपत्र्या गोळा करायला सुरुवात केली. भाताची उडवी झाकलेली, लग्नाच्या मांडवावर चढलेली, कळंबच्या रिसॉर्टमधून टाकून दिलेली, जीपवाल्यांनी टपावर बांधून बांधून विरलेली. फाटकी असली तरच हवी. लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. बाजाराच्या दिवशी वाड्यांवरून उतरणारी माणसं करवंदांच्या पाटीबरोबर एखादी फाटकी ताडपत्रीही घेऊन यायला लागली. दुकानाच्या मागच्या शेडमध्ये भाभी त्यांचे तुकडे कापायच्या. निळे, पिवळे, नारिंगी, उन्हाने दुधाळ झालेले. युनूसभाईंचं ताडपत्री जोडायचं गरम इस्त्रीसारखं यंत्र आहे, त्याने तुकड्याला तुकडा चिकटवायच्या आणि वर रंगांनी काम करायच्या. नदी होती, डोंगर होता, कशेळ्याचा बाजार होता. काही नुसतेच रंग होते. मी विचारलं की हे काय, तर म्हणायच्या, तुमाला काय दिसतं ते सांगा. मी म्हणायची, छान. त्या मान डोलवायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

असं ते वर्षभर चाललं. होता होता ते काम एका खोलीएवढं झालं. शेडमध्ये उलगडलं की दुपारच्या उन्हात पलीकडून उजेड यायचा आणि युनूसभाईंची दाढी घटकेत निळी, घटकेत नारिंगी व्हायची. भाभींची खात्री होती, की या वेळी परीक्षक महिला मंडळाचं नाव काढणार नाहीत. मलाही खात्री वाटायला लागली होती.

शाळेला सुट्टी लागली आणि मी खालापूरला माहेरी गेले. मी तिकडे असताना एका दुपारी अवकाळी वादळ झालं. पाऊस थोडा, वारा फार. कशेळ्यात झाडं पडली आणि वरच्या वाड्यांवर बऱ्याच घरांची छपरं उडाली, असं फोनवर कळलं. मी परत आले ती भाभींच्या कॉलेजच्या प्रदर्शनालाच. युनूसभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. आम्ही दोघं एकाच रिक्षाने गेलो.

प्रदर्शनात गर्दी होती. पोरांची चित्रं, मूर्ती, एका मुलाने तर जुन्या मोबाइलांचं झाड केलेलं. शेवटच्या दालनात एका भिंतीवर भाभींचं नाव होतं. छताला चार दोर बांधलेले होते आणि चारही खाली मोकळे लोंबत होते. बाकी काही नाही. बाजूला भाभी, इस्त्रीची ओढणी, हाताची घडी घालून उभ्या.

मी काही विचारायच्या आत परीक्षक आले. तेच गेल्या वर्षीचे. त्यांनी दोरांकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा दोरांकडे. काम कुठे आहे, त्यांनी विचारलं.

"कामावर गेलंय, सर," भाभी म्हणाल्या.

मागची पोरं हसली. परीक्षकांना वाटलं असावं, की ही कल्पनाच आहे, नवीन काहीतरी. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, म्हणजे हे दोर म्हणजेच काम का. भाभी म्हणाल्या, नाही, दोर म्हणजे दोरच, आमच्याच दुकानातले. काम दुसरीकडं आहे, पावसाळा संपला की येईल. परीक्षक म्हणाले, मला आजच गुण द्यायचे आहेत. भाभी म्हणाल्या, मग दोरांचे द्या.

वर्गशिक्षकांनी मधे पडून सांगितलं, की यांनी वर्षभर खूप मोठं काम केलंय, आम्ही बघितलंय, काही अडचण झाली असेल तर त्यांनी सांगावी. भाभींनी सांगितली नाही. मी युनूसभाईंकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

निकाल लागला. त्या विषयात भाभी राहिल्या. पुढच्या वर्षी तेवढाच विषय पुन्हा द्यायचा. मी भीतभीत भेटायला गेले, तर ओट्यावर बसून त्या मेडिकलवाल्याला सांगत होत्या, की मला केटी मिळाली, आता आणखी एक वर्ष कॉलेज. वर मला म्हणाल्या, "वळलं बघा." पण काम कुठे गेलं हे काही त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, वादळात शेडचा पत्रा उडाला असेल, ताडपत्र्या फाटल्या असतील आणि त्यांना ते बोलवत नसेल. मीही विचारायचं सोडून दिलं.

मे महिन्याच्या शेवटी मला वाडीवर जायचं होतं. माझी शाळा तिथलीच. नवीन मुलांची नावं नोंदवायला आम्ही शिक्षक सुट्टी संपायच्या आधी घरोघर फिरतो. जनीबाईचं घर वाडीच्या टोकाला. तिची नात यंदा पहिलीत यायची होती. दुपारची वेळ होती. मी वाकून आत शिरले आणि नाव लिहायचं विसरले.

घरभर रंग सांडले होते. जमिनीवर नारिंगी पट्टा, चुलीवर पिवळा. मी वर बघितलं. वाशांच्या मधे भाभींची नदी होती.

जनीबाईने मला पाणी दिलं आणि सांगितलं. वादळात तिचं छप्पर उडालं, तेव्हा ती दुसऱ्या सकाळी कशेळ्याला दुकानात गेली. पण तिच्या आधी पाच-सहा वाड्यांची माणसं येऊन गेली होती, दुकानात ताडपत्री म्हणून उरली नव्हती. मागच्या शेडमध्ये हे टांगलेलं दिसलं. तिने ते मागितलं. भाभी म्हणाल्या, ते चित्र आहे, ते नाही देता येणार. जनीबाई निघून आली. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही वाटलं नाही. चित्र होतं तर होतं.

दुपार कलली तेव्हा वाडीवर जीप आली. जीपमधून भाभी उतरल्या आणि टपावरून ही गुंडाळी.

जनीबाईचा नवरा रंगाची बाजू वर करून बांधायला लागला. रंगाचा थर आहे, पाणी लवकर आत येणार नाही, असा त्याचा हिशेब. भाभींनी ऐकलं नाही. ओढणी कमरेला बांधून त्या स्वतः वाशावर चढल्या आणि अर्धं बांधलेलं सोडून त्यांनी उलटं केलं. रंगाची बाजू आत. बाहेरून कोण बघतंय, म्हणाल्या. सगळं बांधून झालं. मग आत येऊन त्या सारवलेल्या जमिनीवर सरळ आडव्या झाल्या.

"मला वाटलं चक्कर आली," जनीबाई म्हणाली. "मी विचारलं, काय झालं गं. तर म्हणली, काय नाय, प्रदर्शन बघतेय."

मग जनीबाईही त्यांच्याशेजारी पडली. बराच वेळ दोघी तशाच पडून होत्या. भाभींनी तिला विचारलं, काय दिसतं. जनीबाईने तिला दिसलं ते सांगितलं. काय सांगितलं ते मात्र तिला आता आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की कशेळ्याची ती बाई एकदम रडायला लागली आणि पोरीचं नाव घेऊन काहीतरी बोलली. ती गेल्यापासून घरात कोणी असं शेजारी पडून बोललं नव्हतं, असं काहीसं. मग तोंड धुऊन, चहा पिऊन गेली.

मी नातीचं नाव लिहून घेतलं आणि खाली आले.

कशेळ्यात उतरले तेव्हा भाभी दुकानात होत्या. युनूसभाई एका गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होते. भाभींनी मला इतक्या उन्हात कुठे गेला होतात म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाडीवर, जनीबाईकडे.

त्या जवळ सरकल्या. मग खालच्या आवाजात विचारलं, "गळत नाय ना कुठं?"

"पाऊस कुठे झालाय अजून," मी म्हटलं. "पण दुपारचं ऊन बरोबर नदीवर येतं. जनीबाई नाचणी पाखडत होती. सुपातली नाचणी निळी दिसत होती."

 भाभींनी दोरांच्या गुंडाळ्या बाजूला सरकवून माझ्यासाठी बाकावर जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि नारिंगी? तो कुठं पडला होता?"