जबाबदारी सर्वस्वी माझी

मुकादमाची नोकरी गेली, आणि ती एका फुटबॉल मॅनेजरच्या सभ्यपणामुळे गेली. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. गोष्ट सुरू होते तेव्हा मुकादम नोकरीवर आहे, लॉन्ड्रीतल्या सगळ्या मोठ्या मशिनी त्याच्या शब्दावर फिरतात, आणि नव्या युनिटचा सुपरवायझर म्हणून मालकीणबाईंनी त्याचंच नाव घेतलेलं आहे. नव्या युनिटच्या वर दोन खोल्या आहेत. त्या सुपरवायझरला राहायला मिळणार आहेत. मुकादमाची बायको त्या खोल्या बघून आली आहे आणि कुठल्या खिडकीत कोण बसणार हेही ठरवून आली आहे. सध्या नवराबायको एका खोलीत राहतात आणि तिचा धाकटा भाऊ त्यांच्या स्वयंपाकघरात झोपतो. पाय फ्रिजला लावून. पाणी प्यायचं तर आधी त्याला उठवावं लागतं.

हा मेहुणा त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रोलरवर आहे. त्याला तिथं मुकादमानंच चिकटवला. दोघांचं एरवी बरं चालायचं. भांडण व्हायचं ते एकाच माणसावरून, आणि त्या माणसाला हे दोघं या जगात आहेत याची कल्पनाही नव्हती.

शहराचा फुटबॉल संघ हरतो याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो हरल्यानंतर मॅनेजर टीव्हीवर काय बोलतो त्याबद्दल. आधीचा मॅनेजर मुलाखतीत माइक ढकलायचा, पंचाच्या चष्म्याचा नंबर काढायचा, आणि एकदा तर त्यानं स्वतःच्या बचावफळीचा उल्लेख "आलेले पाहुणे" असा केला होता. नवा मॅनेजर मांडीवर हात ठेवून बसायचा. चार गोल खाल्ले तरी आवाज तोच. "मुलांनी मेहनत घेतली. आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो. जबाबदारी सर्वस्वी माझी." नक्की कोण चुकलं, असं विचारलं की म्हणायचा, "मी नावं घेत नाही." लोकांनी त्याचं नाव गार चहा ठेवलं.

मेहुण्याच्या मते हा माणूस नव्हताच. "हरल्यावर राग यायला पाहिजे, भाऊजी. आपण हरलो हे ह्याला कुणी कळवलंय का?"

"राग आहे. आत आहे. घरची भांडणं चारचौघांत काढत नाही तो."

"घर कुठंय त्याला? नुसता बाक आहे."

डबा खाताना हा वाद रोज व्हायचा. व्हॅनवाला मध्ये बसून दोघांच्या डब्यातलं थोडं थोडं खायचा. त्याचं मत या दोघांहून वेगळं होतं. मॅनेजर अतिशय तापट आहे आणि एक दिवस कुणाला तरी मारणार, असं तो म्हणायचा. त्याच्या फोनचा स्पीकर गेलेला होता. सगळ्या मुलाखती तो आवाजाशिवाय बघायचा आणि नुसत्या भुवयांवरून निष्कर्ष काढायचा.

मुकादमाला मात्र गार चहा मनापासून आवडायचा, आणि त्याला कारण होतं. ते वाक्य घरात चालतं, असा शोध त्याला लागला होता. एकदा दूध उतू गेलं. कुणाचं लक्ष नव्हतं, असं बायकोनं विचारलं. लक्ष तिचंच नव्हतं. मुकादम मांडीवर हात ठेवून म्हणाला, "जबाबदारी सर्वस्वी माझी." बायकोचा आवाज उतरला, आणि थोड्या वेळानं तिनं स्वतःहून चहा आणून दिला. गरम. त्यानंतर मुकादमानं घराची किल्ली हरवण्यापासून सासूबाईंच्या गुडघेदुखीपर्यंत सगळ्या गोष्टींची जबाबदारी घेतली, आणि घर कसं शांत झालं.

आता जर्सीची गोष्ट. लॉन्ड्रीतल्या फुटबॉलवाल्यांची एक रीत होती. संघ जिंकला तर जर्सी धुवायची नाही. हरला तर धुवायचीच, कारण पराभव कापडात मुरतो. संघाची एकंदर चाल बघता या तिघांइतक्या स्वच्छ जर्सी शहरात कुणाकडे नव्हत्या. खाजगी कपडे मशीनमध्ये टाकायला मालकीणबाईंची सक्त मनाई होती, पण हॉटेलचे लाल रुमाल धुवायला निघाले की त्यांच्यात तीन लाल जर्सी मिसळून जायच्या आणि मुकादमाचं लक्ष नेमकं तेव्हा छताकडे असायचं.

मेहुण्यानं या मोसमात नवी जर्सी घेतली, भडक लाल. तिच्यातही संघ हरला. त्यानं ती रुमालांबरोबर धुतली, तरी पुढचा सामनाही संघ हरला. तेव्हा मेहुण्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रुमाल कोमट पाण्यात धुतात. एवढा पराभव कोमट पाण्यानं निघेल कसा? उकळतं पाणी लागतं ते फक्त पांढऱ्या चादरींना. म्हणून एका सकाळी त्यानं जर्सी गुंडाळून चादरींच्या मधोमध खुपसली. मुकादमानं दार लावलं, बटण दाबलं आणि छताकडे बघितलं. सवयीनं.

दार उघडलं तेव्हा आतून गुलाबी वाफ आली.

एका मोठ्या हॉटेलच्या त्या चादरी होत्या आणि दुपारी जायच्या होत्या. मुकादमानं ब्लीच टाकलं. त्यानं गुलाबी रंग गेला नाही, नुसता जागोजागी गोळा झाला. आधी निदान ती गुलाबी चादर होती. आता तिच्यावर काहीतरी घडल्यासारखं दिसत होतं. मग मेहुण्यानं मुद्दा मांडला की माणसाला रंग दिसत नाही, फरक दिसतो. सगळ्याच चादरी सारख्या झाल्या तर कोण बोलणार? मुद्दा इतका सरळ होता की मुकादमाला त्यात खोट सापडेना. हॉटेलच्या उरलेल्या पांढऱ्या चादरीही जर्सीबरोबर आत गेल्या. व्हॅनवाला गठ्ठे चढवताना म्हणाला की रंग छान आहे, घरी विचारतो.

संध्याकाळच्या आत गठ्ठे परत आले. हॉटेलच्या पाहुण्यांनी खोल्या बघून विचारलं होतं की इथं आधी काय झालं होतं, आणि पोलीस येऊन गेले का. हॉटेलनं काम बंद करण्याची धमकी दिली. मालकीणबाई वॉशिंग विभागात आल्या तेव्हा त्यांच्या हातात गठ्ठ्यात सापडलेली जर्सी होती. ती आता फिकट, तपकिरीकडे झुकणारी, कुठल्याच संघाची नसलेली अशी दिसत होती.

"ही कुणाची?"

रोलरपाशी मेहुणा उभा होता. त्याच्या तोंडावरचं रक्त चादरींत गेलं असावं. त्याला कामाला लागून जेमतेम काही महिने झाले होते. त्याचं नाव सांगितलं तर तो रस्त्यावर येणार होता. रस्त्यावर म्हणजे स्वयंपाकघरात, आणि तेही दिवसभर. मुकादमानं त्याच्याकडे बघितलं, मग स्टुलावर बसला आणि मांडीवर हात ठेवले.

"जबाबदारी सर्वस्वी माझी."

"मी जबाबदारी विचारली नाही. जर्सी विचारली."

"माझीच समजा."

मालकीणबाईंनी जर्सी त्याच्या अंगाला लावून बघितली. ती त्याच्या पोटाच्या अलीकडेच संपत होती. "ही तुम्हाला होते?"

"मापाबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही. आपण पुढच्या लॉटकडे बघायला हवं."

"मशीनमध्ये टाकली कुणी? नाव सांगा."

"मी नावं घेत नाही. मुलांनी मेहनत घेतली. पहिल्या धुलाईत आपण फार चांगले होतो."

मालकीणबाई फुटबॉल बघत नव्हत्या. समोरचा माणूस शुद्धीवर आहे की नाही एवढंच त्या बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या की निदान कबूल तरी केलंत, इथं तेवढंही कुणी करत नाही. नव्या युनिटचं काय करायचं ते सकाळी सांगते. जर्सी त्याच्या मांडीवर टाकून त्या निघाल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. दूध उतू गेल्याच्या दिवशी बायकोचा उतरला होता तसाच. मुकादमाच्या मनात खिडकी उघडली.

त्या संध्याकाळी सामना होता. मेहुणा धुतलेली जर्सी घालून टीव्हीसमोर बसला. संघ आजवर हरला नव्हता इतका हरला. मग गार चहा पडद्यावर आला. मुकादमानं बायकोला हाक मारली, "ये, बघ, माणूस कसा बोलतो ते."

पत्रकारानं नेहमीचा प्रश्न विचारला. मॅनेजरनं मांडीवरचे हात उचलून टेबलावर ठेवले. म्हणाला, "आमच्या गोलकीपरला चेंडू आणि उशी यांतला फरक कळत नाही. डावा बॅक डावीकडे आहे हे त्याला मी रोज सांगतो. कप्तानाला तर मी ओळखतच नाही. ह्यात माझी जबाबदारी काय? मी काय आत जाऊन पळू?" एकेकाचं नाव घेतलं, पाठीवरचा नंबरही सांगितला, आणि उठून गेला.

बाहेर रस्त्यावर लोक हॉर्न वाजवू लागले. जिंकल्यावरही कधी वाजले नव्हते. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊजी, माणूस आहे हो हा. मी उगाच बोलत होतो."

"सभ्यपणा सोडला त्यानं," मुकादम म्हणाला.

"खरं बोलला."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, बरा बोलतो की, तुम्ही तर त्याला मवाळ म्हणत होतात. व्हॅनवाल्याचा फोन आला. त्याच्या मते मॅनेजर आज पहिल्यांदाच शांत वाटला.

सकाळी मुकादम पोचला तेव्हा मेहुणा त्याच्या आधी पोचलेला होता, आणि मालकीणबाईंच्या केबिनमधून बाहेर येत होता. त्यानं भाऊजींना काही लपवलं नाही. लपवणं त्यानं कालपासून सोडलं होतं. आत तो म्हणाला होता की जर्सी त्याचीच होती, हे तो छातीठोकपणे सांगतो. पण मशीन भरायचं काम कुणाचं? दार लावायच्या आधी आत काय आहे ते बघायचं काम कुणाचं? मुकादमाचं. आणि मुकादम त्या वेळी छताकडे बघत होता, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रोलरवाल्याकडे चादर येते तेव्हा तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मालकीणबाईंनी मुकादमाला आत बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नाव घेऊन सांगितलं, असं त्या म्हणाल्या. असाच माणूस नव्या युनिटवर हवा.

"चादरींचं मी सोडून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जर्सी तुमची म्हणालात. ती तुमची नव्हती. तुम्ही तोंडावर खोटं बोललात."

मुकादमाला तेव्हा बरंच बोलता आलं असतं. उकळत्या पाण्याचा शोध कुणाचा, सगळ्या चादरी सारख्या करायची कल्पना कुणाची, सगळं त्याच्या जिभेवर होतं. त्यानं तोंड उघडलं. इतक्या महिन्यांच्या सवयीनं बाहेर आलं ते एवढंच: "आम्ही एका वेळी एकाच लॉटचा विचार करतो."

मालकीणबाईंनी त्याला दार दाखवलं. चांगलं काचेचं दार होतं. कालपर्यंत त्याच्यासाठी ते पलीकडून कुणीतरी उघडायचं.

त्याच आठवड्यात संघानं मॅनेजरचा करार वाढवला. संघ पुढेही हरतच राहिला, पण लोक आता मुलाखतीसाठी घरी लवकर यायचे. गोलकीपर संघ सोडून गेला. त्याची बाजू मांडणारा शहरात एकच माणूस उरला होता आणि त्याला डबा खायला आता कुठं बसायचं हा प्रश्न होता.

बायको भावाच्या बाजूनं बोलली नाही. "तो माझा भाऊ आहे म्हणून नाही म्हणत," एवढंच म्हणाली, "पण माणसानं वेळेवर बोलावं." मग तिनं नव्या खोल्यांसाठी शिवून ठेवलेले खिडकीचे पडदे घडी करून भावाच्या हातात दिले, माप त्याच खिडकीचं होतं म्हणून. पगार थांबल्यावर त्यांची खोलीही सुटली. मेहुणा मनानं वाईट नव्हता. तो स्वतः सामान उचलायला आला, जिन्यात थांबून मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्याकडेच या की, भाऊजी. संकोच करू नका. स्वयंपाकघर मोकळंच आहे."

फ्रिज तोच होता. मुकादमाच्या बायकोनं भावाला भेट म्हणून दिलेला.

तिथंच, फ्रिजला पाठ टेकून, मुकादमानं संघाच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. त्यात त्यानं कुणाचंही नाव घेतलं नाही. शेवट असा होता: "तरी, मॅनेजरसाहेबांच्या याआधीच्या सर्व शांत मुलाखती पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात याव्यात, त्या खऱ्या मानून ज्या इसमांनी घरी अथवा कामाच्या ठिकाणी तसे वर्तन केले, त्यांना मूळ पदावर रुजू करून घेण्याबाबत त्यांच्या मालकांस आपल्या स्तरावरून कळवण्यात यावे, आणि याबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत अर्जदारास पाय लांब करून झोपण्याची तात्पुरती परवानगी देण्यात यावी, ही विनंती."