दोन हजार चारशे एकतिसावा ठोका

बबडीच्या झोपेची वही तिच्या आईने इतकी नेटकी ठेवली होती की एखाद्या हवामान खात्याने लाजावं. आठ महिन्यांची पोर किती वाजता पेंगली, कुठल्या कुशीवर झोपली, कशाने उठली, सगळं त्यात होतं. गेल्या पंधरवड्यात मात्र एकच नोंद पुन्हा पुन्हा येत होती : ‘बारावा ठोका. धाड्! डोळे उघडले. धावत जाऊन आवाज बंद करायला लावला. रडली.’

धाड् नवऱ्याची. तो संगणकावर आज्ञांच्या ओळी टाइप करायचा आणि त्या लिहिता लिहिताच ढोल वाजायला लागायचे. एक ठेका तीन ठोक्यांचा, दुसरा चारचा. दर बाराव्या ठोक्याला दोघांची गाठ पडायची आणि भिंतीपलीकडच्या पाळण्यात भोकाड.

“संगणकावरून केलेले मागचे दोन्ही कार्यक्रम लेकीने खाल्ले,” नवरा कुरकुरला. “आजचा नीट झाला तर आयोजक बाई मला त्यांच्या दालनात वाजवायला बोलावणार आहेत. नाहीतर नारळ.”

नवऱ्याचे ढोल घराबाहेर! आईच्या तोंडाला पाणी सुटलं. बी.एस्सी.चं गणित ओट्याजवळ गंजत पडलं होतं, ते तिने झटकून काढलं.

“हे बघ, तीन-चार सोड. अकरा, तेरा आणि सतराचे ठेके घे. दोन एकत्र आले तर ती नुसती कूस बदलते, मी पाहिलंय. तिन्ही एकत्र यायला दोन हजार चारशे एकतीस ठोके लागतील. सेकंदाला एक धर. म्हणजे चाळीस मिनिटं आणि एकतीस सेकंद.”

“आणि कार्यक्रम चाळीसचा!” नवरा तिच्याकडे प्रथमच पाहिल्यासारखा पाहत राहिला. “पण सुरुवातीला तिन्ही एकत्रच पडतील की.”

“तेवढा एक ठोका आवाज बंद ठेवून उरकायचा.”

दुपारी बबडी झोपली, कार्यक्रम सुरू झाला, आई घड्याळ घेऊन दाराशी बसली. आणि सासऱ्यांना उचकी लागली.

“हिक्.”

तिने मोजलं. बरोबर दर पाचव्या ठोक्याला.

“बाबा, घात झाला! अकराचा, तेराचा आणि तुमची उचकी, झाले की तीन! अकरा मिनिटं पंचावन्न सेकंदांनी पहिल्यांदा एकत्र येणार. ती एक तरी गिळा.”

“उचकी काय गोळी आहे गिळायला? हिक्.”

“मग न्हाणीघरात चला.”

सासरे तोंडावर टॉवेल दाबून न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसले. अकरा-पंचावन्नला आतून नळ सोडल्यासारखा आवाज आला, पण पाळणा गप्प राहिला. वीस मिनिटं. तीस. चाळीस! ती भिंतीला टेकून हसली.

“वा! अप्रतिम!” संगणकातून आयोजक बाईंचा आवाज आला. “अजून दोन मिनिटं होऊ द्या!”

तिचं हसू जागीच वाळलं. ती कॅमेऱ्याला चुकवत टेबलाखालून रांगत गेली आणि तिने नवऱ्याची विजार ओढली. नवऱ्याला वाटलं, बायको दाद देतेय. त्याने आवाज वाढवला.

धाड्!

घर हललं. न्हाणीघरातून शांत आवाज आला, “सूनबाई, उचकी गेली.”

पाळण्यातून मात्र काहीच नाही. ती धावली. बबडी टक्क जागी होती. पाळण्याचा कठडा धरून बसली होती आणि झोपेच्या वहीचं निम्मं पान तिच्या तोंडात होतं. चेहरा असा, की जणू चाळीस मिनिटं ताटकळत ठेवणारा पाहुणा अखेर घरात शिरलाय. ती खुदकन हसली. मग दुसरी धाड् येईना, तसा खालचा ओठ बाहेर आला.

आईने उरलेलं पान वाचलं. डोळे उघडले. आवाज बंद करायला लावला. रडली. आधी आवाज बंद, मग रडणं; ह्याच क्रमाने, पंधरा दिवस, तिच्याच अक्षरात.

“तीन आणि चार लाव!” ती कॅमेऱ्याची पर्वा न करता ओरडली. “लवकर!”

नवऱ्याने टाइप केलं. धाड्! खुदुखुदु. धाड्! खुदुखुदु. सहाव्या धाडीला बबडी हसता हसताच आडवी झाली आणि घोरू लागली. आयोजक बाई म्हणाल्या की ढोलांत बाळाचं हसू मिसळण्याची कल्पना त्यांनी आजवर कुठे पाहिली नव्हती. पुढच्या महिन्यापासून दालन पक्कं.

त्याप्रमाणे नवरा आता रोज दुपारी ढोलांसकट दालनात जातो. घरात कशी निवांत शांतता असायला हवी. ती पाळण्याशी बसून पायाने जमिनीवर तीनचा ठेका धरते, चमच्याने ताटावर चारचा, आणि बाराव्याला दोन्ही सगळ्या ताकदीनिशी एकत्र हाणते.

“सूनबाई,” सासरे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतात, “चमचा जरा मागे पडतोय.”