मोरणी घोडीचे हृदय मापिले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस स्मरून, पागेचे धन्यास मुजरा करून, जैसे घडले तैसे लिहितो. शके सोळाशे एक्काहत्तर, शुक्लनाम संवत्सरे, वैशाखमासी राजधानीत मोठा कल्होळ जाहला. आऊसाहेबांची लाडकी घोडी मोरणी, तिचे आतडे पिळवटले, आणि पोट चिरून सोडविल्यावाचून इलाज नाही ऐसे ठरले. मग घोडीस गुंगीचा वायू हुंगवून उताणी निजविली. गुंगी कमी पडे तर घोडी चिरता चिरता उठेल, आणि जास्त होय तर हृदयच निजेल. म्हणोन हृदय किती रक्त फेकिते हे घडोघडी मापणे प्राप्त जाहले. मापणारे दोघे, दोघेही नामांकित, आणि दोघांत उभा दावा. हकीम दाऊदखान शिरेत बर्फाचे पाणी सोडीत आणि पुढे रक्त किती गार जाहले यावरून प्रवाह सांगत; गारवा थोडा तर प्रवाह मोठा, गारवा फार तर प्रवाह थोडका. घोड्यांचे वैद्य रखमाजी शालोत्री छातीस नादयंत्र लावीत आणि वाहत्या रक्तावरून परतणारा नाद तोलीत. आऊसाहेबांसमोर दोघांची पैज लागली की, ज्याचे माप खोटे ठरेल त्याने पागा सोडावी.

मग पोट उघडिले, आणि खान गर्जले, "हृदय उदंड रक्त फेकिते! गुंगी राहू द्या!" तो रखमाजी ओरडले, "खानसाहेब, हृदय बुडत चालले! गुंगी उतरवा!" शस्त्र चालविणारे थबकले, आणि आऊसाहेब कडाडल्या, "काय ते एक बोला! माझी मोरणी जाते!" तेव्हा खानांनी पुन्हा पाणी सोडावयास नळी उचलिली, ती हातास कोमट लागली. वैशाखाचे उन्हाने पाणी वाटेतच तापले होते. तेणेकरून रक्त गार होईना, आणि खानांस प्रवाह मोठा भासे. खान उगे राहते तर कोणास कळते? परंतु ते मोठ्याने बोलिले, "माझे पाणी लबाड निघाले! रखमाजी खरे, गुंगी उतरवा!" तत्काळ गुंगी उतरविली, शिरेवाटे मिठाचे पाणी चढविले, नवा बर्फ आणविला, आणि हृदयाने ऐसी उसळी घेतली की, इकडे नाद चढे, तिकडे पाणी साक्ष देई, आणि दोघे एकाच दमात एकच आकडा पुकारू लागले! मग आतडे सोडविले, पोट शिवले, आणि काही वेळाने मोरणी कान हालवून उठली, लटपटली, आणि चहूं पायांवर उभी राहिली. आऊसाहेबांनी तिचे मानेस मिठी घातली.

मग खान पैजेप्रमाणे मुजरा करून निघाले, तो रखमाजींनी वाट अडविली. म्हणाले, "कोठे चालला? उद्या माझे यंत्र चुकले तर मला कोण सांगेल?" खानांचे डोळे भरले, आणि ते माघारी फिरले.

सारांश, घोडी वाचली, पैज बुडाली, आणि तेव्हापासून त्या राज्यात जनावराचे हृदय कोणी एकट्याने मापीत नाही.