रांग तुटली, रांग लावावी

रवळनाथाची आण घेऊन ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. लग्नाच्या गाठी वरती बांधतात म्हणे. बांधत असतील. पण घाटकोपरात त्या पक्क्या होतात विवाह नोंदणीच्या कचेरीत, आणि तेही मोठ्या कचेरीशी लाईन चालू असेल तरच.

या कचेरीतला प्रोग्रॅम फार जुना, घरंदाज. लिहिणारे केव्हाच वारले, त्यामुळे तो चुकतो असं कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. कॉम्प्युटर नवे आले, पंखे नवे आले, हा मात्र सासूबाईंसारखा आतच बसून. पूर्वी वायरीत बिघाड झाला की इंग्रजीत सांगायचा, लाईन तुटली, लाईन परत लावा. मग त्याचं मराठीकरण झालं. (चांगलंच झालं. आपली भाषा आहे.) तेव्हापासून पडद्यावर येतं, "रांग तुटली आहे. रांग पुन्हा लावावी."

आणि जयवंत कारकून ती लावतो. आज्ञाधारक माणूस! संदेश आला की सगळ्यांनी उठायचं, फाटकाबाहेर जायचं, रांग लावून आत यायचं. तोवर लाईन आपली आपण येते. म्हणजे उपाय लागू पडला. यशाचं प्रमाण शंभर टक्के (कंटाळून घरी गेलेले धरत नाहीत, ते रांगेत नसतात).

अशा झकास कचेरीत अस्मिता आली. चेंबूरची पोर, इस्पितळात नर्स. सोबत प्रबुद्ध, जहाजावर कामाला. विहारात लग्न लागलं होतं, दाखला तेवढा बाकी. दाखला असला तर कंपनी बायकोलाही जहाजावर घेणार होती, आणि जहाज दुसऱ्या दिवशी सुटत होतं. पोरीची बॅग भरून तयार.

जयवंतने वधूचं नाव धाडलं. गेलं. वराचं टाइप करायला घेतलं, तोच रांग तुटली.

"चला, सगळे बाहेर!"

"अहो दादा, लाईन म्हणजे वायर हो!"

"ताई, वायर असती तर वायर लिहिलं असतं ना. सरकारला काय मराठी येत नाय?"

गेले सगळे बाहेर. आता मोडलेली रांग परत लागताना पुढे कोण असतं, ते मुंबईत सांगायला नको. चंद्रप्रकाशकाका पुढे निघाले. ते आले होते स्वतःच्या जुन्या दाखल्यातलं आडनाव सुधारायला. लाईन आली. प्रोग्रॅम इमानी, कुठे थांबलो ते विसरत नाही. वधू अस्मिता, पुढचं नाव? जयवंतने रांगेतलं पुढचं नाव दिलं.

"काका, तुम्ही मधे घुसलात!" अस्मिता किंचाळली.

"घुसलो गं पोरी," काका घाम पुसत म्हणाले, "पण एवढं आत जायचं नव्हतं. घरी मालन, बायको माझी, सोलून काढेल मला."

"दादा, आता हे पुसणार कसं?"

"शिक्का पडायच्या आत पुन्हा रांग तुटली, तर वराच्या जागेवरचं नाव आपोआप जातं," जयवंत म्हणाला. "पण रांग काय आपल्या हातात असते?"

अस्मिता वाकली आणि तिने टेबलाखालची वायर उपटली.

पुन्हा सगळे बाहेर. जयवंत आत जाऊन वायर खोचून आला. फाटकात अस्मिताने सगळ्यांपुढे हात जोडले. "फक्त ह्यांना पुढे जाऊ द्या. एकच माणूस आहे."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकेक जण बाजूला सरकला, वाट झाली, प्रबुद्ध पुढे गेला, दोन्ही नावं जुळली, कोणीतरी शिट्टी मारली. दुसऱ्या दिवशी जहाजावर जोडी.

आता आण घेतलीय तर कबूल करते, एवढी एक गोष्ट माझ्या पदरची. वायर, काका, सगळं घडलं तस्सं आहे. वाट मात्र झाली नाही. कोणी तसूभर हललं नाही. जहाजावर प्रबुद्ध एकटाच गेला, आणि अस्मितापुढे नाव लागलं ते सगळ्यात पुढे उभं होतं त्याचं.

हात जोडले तरी न सरकलेले, तुम्हीच ना ते? मग कचेरीत जाऊन या एकदा. दाखला तयार आहे.