डास वगळून डेंग्यूचे कॉमिक

लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेने डेंग्यूविषयी जनजागृतीसाठी कॉमिक काढण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. चित्रांचं काम विज्ञानाच्या शिक्षिका धम्मप्रिया यांच्याकडे आलं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या गल्लीत अकरा जणांना डेंग्यू झाला होता. यंदा पावसाआधी कॉमिक घरोघर पोचावं, एवढीच त्यांची अट होती.

त्यांनी आठ चौकोन काढले. पाण्याचं बॅरल, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, अळीचा डास, डासाचा डंख, ताप, दवाखाना. शेवटी रिकामं करून घासलेलं बॅरल, मग झाकलेलं बॅरल. कच्चं चित्र शेजारच्या सरजाबाईंना दाखवलं.

"आवं माय, ही वळवळ तर माझ्याच बॅरलात हाय!"

"मग आजच घासा ना, मावशी."

"छापून येऊ दे की. छापलं की घासते."

चित्रं नगरपरिषदेच्या परीक्षण समितीपुढे गेली. अध्यक्ष शेषेराव यांनी चष्मा पुसला.

"मॅडम, बॅरल काढा. बॅरल दिसलं की नळाला रोज पाणी येत नाही असा गैरसमज होतो."

"पण पाणी दहा दिवसांनी येतं, साहेब."

"रोज देऊन राहिलोय, असं वर कळवलंय आपण."

"मग अळ्या राहतील कशात?"

"तो अळ्यांचा प्रश्न. समितीच्या अखत्यारीत येत नाही."

बॅरल गेलं. अळ्या हवेत लोंबकळू लागल्या. हे विज्ञानाला धरून नाही, असा शेरा समितीनेच मारला आणि अळ्याही वगळल्या.

डासाचं प्रकरण नाजूक होतं. शहराला नुकतंच डासमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं होतं.

"बाहेरगावचा दाखवू का? उमरीहून आलेला?" धम्मप्रियांनी विचारलं.

"उमरी नांदेड जिल्ह्यात. त्यांचं ना-हरकत पत्र लागंल."

डास गेला. आता माणसाला विनाकारण ताप येत होता. त्याने घबराट पसरेल म्हणून तापही उतरवला. उरला तो एक धडधाकट माणूस, आठही चौकोनांत हसणारा. आठही चौकोनांत तोच माणूस कंटाळवाणा दिसतो म्हणून सात चौकोनांत समिती सदस्यांचे फोटो बसवले.

"मॅडम, विज्ञानाला धक्का लावलेला नाही," शेषेराव म्हणाले. "वरती 'डेंग्यू' हे नाव तसंच ठेवलंय."

पाऊस सुरू होऊन महिना झाल्यावर कॉमिक घरोघर पोचलं. धम्मप्रिया धावत सरजाबाईंकडे गेल्या. सरजाबाई चष्मा लावून सावकाश एकेक चौकोन बघत होत्या.

"मावशी, आता तरी बॅरल ओता."

"का म्हणून? छापलंय त्यात बॅरल न्हाई, आळी न्हाई." त्यांनी बॅरलात कौतुकाने डोकावून पाहिलं. "म्हंजी ही माशाची पिल्लं हायती, बाई. वाढून राहिलीत."

आणि त्यांनी पिठाची चिमूट आत सोडली.

सरजाबाईंना वाचक हसले असतील. आपल्या घरच्या कूलरमधलं पाणी किती दिवसांचं आहे, ते बघायला मात्र अजून एकही जण उठलेला नाही.