राखून ठेवलेला मळ

साठेकाका कुणाकडे जेवायला गेले की आधी बाथरूममध्ये जातात आणि तिथल्या कान कोरायच्या कापसाच्या काड्या जप्त करतात. अख्खी डबी कोटाच्या खिशात! यजमानीण बघत राहते. "वहिनी, कान काय कढई आहे खरवडायला?" एवढं बोलून ते श्रीखंडाकडे वळतात.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत ते काका, हॉस्पिटलात कान-नाक-घशाचे सर. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षी माझं चार आठवड्यांचं रोटेशन, म्हणजे एका विभागातलं प्रत्यक्ष शिक्षण, त्यांच्याकडे लागलं तेव्हा आई म्हणाली, "चला, घरचाच माणूस!" आई भोळी आहे.

पहिल्या दिवशी सरांनी स्टुलावर बसून डावा कान आम्हा चौघांपुढे केला. कानात बघायचा दिवा घेऊन मी डोकावले. आत नुसतं तपकिरी काहीतरी. पण आधीचे तिघे "ब्यूटिफुल इअरड्रम!" म्हणाले होते, मीही म्हणाले.

"दिसलं, की दिसल्यासारखं वाटलं?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मग सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, की त्या कानात महिनाभराचा मळ आहे, प्रत्येक बॅचसाठी ते तो मुद्दाम राखून ठेवतात, आणि त्याच्यापलीकडचा पडदा देवालासुद्धा दिसणार नाही. "शेवटच्या दिवशी उजवा कान. तो साफ आहे. ज्याला पडदा दिसणार नाही, त्याने रोटेशन पुन्हा करायचं."

मी चंगच बांधला. रूममेटचे कान बघितले, लाँड्रीत भेटलेल्या शेजारणीचे बघितले, वीकेंडला घरी जाऊन बाबांना सोफ्यावर आडवं केलं.

"अगं, मी मॅच बघतोय!"

"कानांनी बघता का?" म्हणत मी त्यांचा कान चांगला पिळला.

शेवटच्या दिवशी तिघांनाही पडदा दिसला. मला दिसेना. आत केस, एक वळण आणि काळोख. "ब्यूटिफुल" अगदी ओठांवर आलं होतं.

"सर, नाही दिसलं."

"पुन्हा बघ."

तीनदा बघितलं. "नाही, सर. मी रोटेशन पुन्हा करेन. पण नाही दिसलं."

सरांनी माझा हात धरून स्वतःच्या कानावर ठेवला. "अगं, हा वर आणि मागे ओढायचा असतो. ओढ की!"

ते मला ठाऊक होतं. पण बाबांचं वेगळं; एरवी थोरांनी आपला कान धरायचा, आपण थोरांचा नाही, हे आईने हाडीमाशी खिळवलेलं. मी दोन बोटांनी नुसती पाळी गोंजारत होते. आता डोळे मिटून ओढला, मग उघडले. वळण सरळ झालं होतं आणि टोकाला पडदा, मोत्याच्या रंगाचा.

"दिसला, काका!" सर म्हणायचं मी विसरलेच.

"पास," ते म्हणाले आणि तिघांना जायला सांगून त्यांनी भारतात फोन लावायला कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. "बापू, आज एक पोरगी सगळ्यांसमोर 'नाही दिसलं' म्हणाली. दोनदा." मग बराच वेळ हवापाण्याचं बोलून त्यांनी फोन ठेवला.

"भाऊ का?" मी विचारलं.

"धाकटा. तुझ्यासारखाच तिसऱ्या वर्षाला होतो मी, तेव्हा त्याचे कान वाहायचे. मी बघितलं. काही दिसलं नाही, पण आईबाबा कौतुकाने उभे होते. म्हणालो, पडदे छान आहेत. मग त्याला कुणी दुसरीकडे नेलंच नाही. घरात डॉक्टर होता ना!" ते खिशातली काड्यांची डबी चाचपत राहिले. "दोन्ही कान गेले."

"मग आत्ता फोनवर...?"

"ऐकू येत नाही त्याला. पण मी ठेवेपर्यंत फोन कानावरून काढत नाही, असं त्याची बायको सांगते."